वचन अर्धे वाचू नका : कोल्हापुरातील पाळक आणि वडीलवर्गाला खुले पत्र

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील मंडळ्यांचे आदरणीय पाळक, वडील, डीकन आणि महिला मंडळांच्या भगिनी यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी आपल्यातल्याच एका मंडळीत तरुणांचा बायबल वर्ग घेते. सेमिनरीत शिकलेली नाही. बायबल वाचायची सवय माझ्या जन्मदात्या वडिलांनी लावली आणि ती सुटली नाही, एवढाच माझा अधिकार. हे पत्र खासगीत लिहून एखाद्या पाळकसाहेबांच्या हाती देता आले असते. पण ज्याबद्दल लिहिते आहे ते एका मंडळीचे दुखणे नाही, आणि मुले तर त्याबद्दल चारचौघांत बोलतात. शिवाजी विद्यापीठात, कॉलेजच्या कट्ट्यावर, पुण्याला नोकरी लागल्यावर खोलीतले मित्र त्यांना विचारतात: तुमच्या बायबलात बाईने गप्प बसावे असे लिहिले आहे म्हणे? गुलाम ठेवायला परवानगी आहे म्हणे? समलिंगी माणसाला तुमच्या चर्चमध्ये बसू देतात का? रविवारी तेच प्रश्न माझ्यापुढे येतात. मुलांना उत्तर हवे असते, आणि आपण त्यांना एक वचन देऊन घरी पाठवतो.

माझी तक्रार या एकट्या वचनाबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे कुठलाही वाद निघाला, की कोणीतरी व्हॉट्सअॅपवर एक वचन टाकतो, खाली पाच-पंचवीस जण आमेन लिहितात आणि विषय संपतो. लस आली तेव्हा प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातले श्वापदाचे चिन्ह फिरले. इस्राएल आणि गाझाचे युद्ध पेटले तेव्हा उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातले आशीर्वाद-शापाचे वचन फिरले, आणि गाझातल्या चर्चमध्ये आसऱ्याला गेलेले आपलेच ख्रिस्ती बांधव कोणाला आठवले नाहीत. वचन दरवेळी खरेच असते. त्याच्या आधीचे आणि नंतरचे मात्र कोणी उघडत नाही. आपण वचन मानतो, पण पुरते वाचत नाही. आणि अपुऱ्या वाचनाचा भार ज्यांना सभेत बोलायची मुभा नाही त्यांच्याच डोक्यावर पडतो, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

2019 चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातमीकडे सगळ्यांचे कान लागलेले. व्हीनस कॉर्नरला होड्या फिरल्या. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची माणसे माडीवर अडकली. शिरोळ तालुक्यात तर गावेच्या गावे पाण्यात बसली. त्या दिवसांत आपल्या मंडळ्यांनी भाकऱ्या थापल्या, चादरी गोळा केल्या, पाणी ओसरल्यावर परक्यांच्या घरातला गाळ उपसला. त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच आठवड्यात एक उपदेश मोबाईलवर फिरत होता. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती पाण्यात विरघळल्या, त्या घरांची वर्षाची कमाई चिखलात गेली, आणि आपल्यातला एक भाऊ नोहाच्या जलप्रलयाचा अध्याय लावून सांगत होता की हा मूर्तिपूजेचा दंड आहे. त्याच पाण्यात आपल्या मंडळीतल्या कुटुंबांचेही संसार गेले होते. त्यांच्या पापाचा हिशेब त्या उपदेशात नव्हता.

लूकच्या तेराव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न येशूपुढे आला आहे. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करतानाच मारले होते, आणि शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दबली होती. ही माणसे यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते का, असे येशू विचारतो, आणि स्वतःच सांगतो: नाही. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि तुम्ही पश्चात्ताप करा म्हणतो. मेलेल्यांच्या पापाची चौकशी बंद करून जिवंतांना आरशापुढे उभे करणारा हा उतारा आहे. तो पुरापुढे ठेवला असता तर कोल्हापुरात पश्चात्ताप कोणी करायचा हे वेगळेच निघाले असते. पूररेषेत भराव टाकणाऱ्यांनी, नाल्यांवर बांधकामे उठवणाऱ्यांनी, त्या कागदांवर सह्या करणाऱ्यांनी, आणि हे डोळ्यांदेखत होत असताना गप्प बसलेल्या आपण सर्वांनी. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले, आणि तोच उपदेशही पुन्हा फिरला. ईयोबाच्या मित्रांनीही दुःखी माणसापुढे बसून देवाची बाजू घेत असेच सुंदर, पाठ करण्याजोगे बोल ऐकवले होते. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवर होतो.

वचन उच्चारले म्हणून ते देवाच्या बाजूने उच्चारले असे होत नाही, हे तर शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच लिहिले आहे. अरण्यातल्या परीक्षेत सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि 91 वे स्तोत्र म्हणून दाखवतो. शब्द बरोबर होते. येशू त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर देतो, म्हणजे शास्त्राला शास्त्राशेजारी ठेवून वाचतो. आपल्या प्रभूने दाखवलेली वाचायची ही रीत आहे आणि तीच आपण सोडली आहे.

कोल्हापुरात हे सांगायला मला फार लांब जावे लागत नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर साहेब 1852 मध्ये या संस्थानात आले. त्यांनी शाळा काढल्या, वचन आणले. वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने उभे आहे. पण ते ज्या देशातून आले तिथे त्या वेळी काय चालले होते? गुलामगिरीवरून 1844 मध्ये अमेरिकेतले मेथडिस्ट फुटले, 1845 मध्ये बाप्टिस्ट फुटले, आणि यादवी युद्ध सुरू झाल्यावर 1861 मध्ये दक्षिणेतल्या प्रेसबिटेरियनांनी वेगळी मंडळी काढली. दोन्हीकडचे पाळक तेच बायबल हातात घेऊन उभे होते. एका बाजूला उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातला कनानाचा शाप, “दासांनो, आज्ञा पाळा” हे पौलाचे वचन, आणि पौलाने फिलेमोन या मालकाकडे परत पाठवलेला त्याचा दास अनेसिम. दुसऱ्या बाजूला निर्गमाचे सगळे पुस्तक, आणि त्याच फिलेमोनाच्या पत्रातली ती ओळ की याला आता दास म्हणून न घेता प्रिय बंधू म्हणून घे. त्याआधी, 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलातले निवडक भाग छापले गेले. त्यातून इस्राएल लोकांची मिसरातून सुटका गाळली. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांच्या पत्रातले वचनही गाळले. दासांनी आज्ञा पाळावी हे ठेवले. ज्याने ती कात्री चालवली त्याला नेमके ठाऊक होते, की पुरते बायबल हातात पडले तर गुलाम गुलाम राहणार नाही. आज आपण छापील पान कापत नाही. पण वर्षभराच्या उपदेशांची यादी काढून बघा, कोणते अध्याय आपल्या व्यासपीठावर कधी आलेच नाहीत.

आणि आपण तर त्या लोकांचे नातू-पणतू आहोत ज्यांना शास्त्राच्या नावानेच विहिरीपासून लांब ठेवले होते. पंचगंगेच्या काठी पुरोहिताने छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला नकार दिला आणि त्यातून केवढे प्रकरण उभे राहिले, हे कोल्हापूरकराला नव्याने सांगायला नको. राजाला शास्त्र दाखवून खालच्या पायरीवर बसवता येत होते, तर महारवाड्यातल्या माणसाची काय कथा. शाहू महाराजांनी 1902 मध्ये नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, 1919 मध्ये पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करणारे हुकूम काढले. त्या काळात आपल्या वाडवडिलांनी मिशनच्या शाळेत पहिले अक्षर गिरवले आणि बायबल स्वतः उघडून वाचले. वाचायचा अधिकार त्यांच्या लेखी केवढा मोठा होता! त्यांच्या घरात आज मुलीचे लग्न ठरवताना पहिला प्रश्न “मूळचे कोण?” हाच असतो. मोशेने कूशी, म्हणजे परजातीच्या, स्त्रीशी लग्न केले म्हणून त्याची बहीण मिर्याम कुरकुरली, तेव्हा देव कोणावर रागावला ते गणनाच्या बाराव्या अध्यायात आहे. लग्न जमवायला बसणाऱ्या आपल्या वडीलमंडळींनी तो एकदा काढून बघावा.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते.

आमच्याकडे प्रार्थनेला एक बाई येतात. मे महिन्यात, कोल्हापूर तापलेले असताना, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून येतात. का, ते सगळ्या बायकांना ठाऊक आहे. त्यांनी एकदा धीर करून वडीलमंडळींपुढे विषय काढला. मी सोबत म्हणून गेले होते. समोरच्या वडिलांनी आवाज चढवला नाही, ते रागावलेही नाहीत. त्यांनी बायबल उघडले, इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय काढला आणि बाविसाव्या वचनावर बोट ठेवले: “स्त्रियांनो, तुम्ही जशा प्रभूच्या अधीन तशा आपापल्या पतीच्या अधीन असा.” मी शेजारून त्या पानाकडे बघत होते. एकविसावे वचन त्यांच्या बोटाखाली झाकले गेले होते. त्यात लिहिले आहे: “ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा.” एकमेकांच्या. आणि पंचविसाव्या वचनापासून पौल पतीकडे वळतो, तो अध्याय संपेपर्यंत जवळजवळ त्याच्याशीच बोलत राहतो: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती कर, तिला स्वतःचे शरीर समज, स्वतःच्या देहाचा कोणी द्वेष करत नाही. पत्नीला तीन वचने आणि पतीला त्याच्या कितीतरी पट. तो पती त्या दिवशी बैठकीला बोलावलेलाच नव्हता. वडिलांनी बाईंसाठी मनापासून प्रार्थना केली आणि त्यांना त्याच घरी परत पाठवले.

त्या वडिलांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांना त्यांच्या आधीच्या वडिलांनी तसेच शिकवले. म्हणूनच हे पत्र आपल्या सर्वांना आहे. अशा वेळी मलाखीचेही वचन काढतात, की देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे. खरे आहे. पण तो दुसरा अध्याय ज्या पुरुषांनी आपल्या तरुणपणच्या पत्नीचा विश्वासघात केला त्यांना झापणारा आहे, आणि त्याच वचनात पुढे जुलमाबद्दलचाही तिटकारा आहे. मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी येशूला विचारतात की कोणत्याही कारणाने बायकोला टाकता येते का. टाकणाऱ्या पुरुषांपासून बाईला आडोसा देणारे ते उत्तर आहे. त्याचाच दोर करून आपण बाईला मारणाऱ्याशी बांधून ठेवतो. आपल्या देशाच्या कायद्यानेही ख्रिस्ती बाईवर हा अन्याय केला होता. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. 2001 मध्ये तो बदलला. 2005 मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. आपल्या किती पाळकांनी लग्नाआधीच्या शिकवणीत त्या कायद्याचे नाव घेतले आहे? मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागी नेणे हे पाळकाचे काम आहे. समेटाची भाषा नंतर, आणि तीही ती बाई म्हणेल तेव्हा.

बायकांनी मंडळीत बोलावे की नाही, यावर मी थोडक्यात लिहिते, कारण याचा निकाल मराठी मंडळीच्या इतिहासाने लावला आहे असे मला वाटते. बाईने मुकाट्याने राहावे असे सांगणारा, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्याला पाठ असतो. पण त्याच पौलाने करिंथकरांना अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी डोके कसे ठेवावे ते लिहिले आहे. म्हणजे त्या बोलत होत्या. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी आहे. अपुल्लो या विद्वानाला प्रिस्किल्ला आणि तिच्या नवऱ्याने घरी नेऊन शिकवले. आणि आपली पंडिता रमाबाई? त्यांनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि इंग्लंडमधल्या मिशनरी भगिनींना ठणकावून कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून मी दुसऱ्या जोखडात मान द्यायला आलेले नाही. मग मूळ भाषा शिकून सगळे बायबल स्वतः मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये ते केडगावात छापून निघाले. एका विधवेने केलेले काम आहे हे. ते डोक्यावर घ्यायचे आणि तिच्या लेकींना व्यासपीठाच्या पायरीवर थांबवायचे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

विधवा म्हटले म्हणून आणखी एक. मे 2022 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायला लावायचे नाही. राज्य सरकारने त्याची दखल घेतली आणि इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितला. आपल्या मंडळ्यांत विधवेला वधूच्या जवळ न येऊ देणारी घरे आहेत, हे आपल्याला माहीत आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला मंदिरात पाहून सर्वांना त्याच्याविषयी सांगणारी हन्ना म्हातारी विधवाच होती. शिरोळ तालुक्यातल्या एका ग्रामसभेला जे सुचले ते आपल्याला हन्नाची गोष्ट दर नाताळात वाचून सुचू नये, याचे मला फार वाईट वाटते.

यावर आपल्यातले काही जण काय म्हणतील ते मी ऐकले आहे: “असे संदर्भ लावत बसलो तर ज्याला जे हवे ते तो बायबलातून काढील. मग पाप पाप राहणार नाही.” ही भीती खोटी नाही. सोयीचे वाचणारे दोन्ही बाजूंना असतात, आणि तरुणांतही आहेत. ज्यांना पश्चात्तापाचे वचन नको असते ते त्याला जुन्या काळचे म्हणून बाजूला सारतात. म्हणून तर वाचायला शिस्त हवी. संबंध अध्याय वाचावा. पत्र कोणाला, कोणत्या भांडणात लिहिले ते शोधावे. बायबलात इतरत्र त्याच गोष्टीवर काय आहे ते शेजारी ठेवावे, आणि येशू त्या जागी कसा वागला ते बघावे. संत ऑगस्टिन म्हणत, की ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ काढणाऱ्याला शास्त्र अजून कळलेले नाही. माझी एक भर त्यात घालते: अर्थ लावताना तो ज्याच्या अंगावर पडणार आहे, तो माणूस खोलीत असावा. या सगळ्याला वेळ लागतो. एक वचन पुढे ढकलायला क्षणही लागत नाही.

आता अवघड विषय. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांना ओळख दिली. 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. कायद्याचे जे होईल ते होईल. आपल्या घरांत काय होते? मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना सांगते, आईवडील पाळकांकडे जातात, पाळक देवाने पापासाठी नाश केलेल्या सदोम नगराचे नाव घेतात, आणि ते लेकरू एक तर घर सोडते किंवा तोंड बंद करून लग्नाला उभे राहते आणि दुसऱ्या कुणाच्या लेकीचे आयुष्य त्यात ओढले जाते. सदोमाचा दोष काय होता, हे यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात देव स्वतः सांगतो: गर्व, भरपूर अन्न, निवांतपणा, आणि गरिबाला हात न देणे. पुढे अमंगळ कृत्यांचाही उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण यादीत आधी जे आले आहे ते आपण कधी वाचून दाखवतो का? समलिंगी संबंधांना दोष देणारा रोमकरांचा पहिला अध्याय वाचतो, आणि दुसऱ्या अध्यायाचे पहिलेच वचन दोष लावणाऱ्यावर उलटते तिथे पुस्तक मिटतो.

विवाहाबद्दलची मंडळीची शिकवण आज बदला असे मी या पत्रात मागत नाही. त्यावर माझेही सगळे प्रश्न सुटलेले नाहीत, आणि ज्यांना ती शिकवण प्राणापलीकडे आहे त्यांच्या श्रद्धेचा मी मान ठेवते. पण लेकराला घराबाहेर काढायला शास्त्रात आधार नाही, हे मी ठामपणे म्हणते. आणि ज्यांना समाजाने आधीच बाहेर ठेवले आहे त्यांच्याबद्दल तर शास्त्रात एक विलक्षण गोष्ट घडते. आपल्या भागात यल्लम्माला सोडलेले जोगते-जोगतिणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सौंदत्तीच्या यात्रेला निघालेले त्यांचे जग आपण रस्त्यावरून पाहिले आहे, चर्चच्या दारात पाहिलेले नाही. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात खच्ची केलेल्या माणसाला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये असा नियम आहे. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात तोच परमेश्वर अशा षंढांना म्हणतो, की माझ्या घरात तुम्हाला मुलामुलींहूनही श्रेष्ठ नाव देईन. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात गाझाच्या रस्त्यावर रथात बसून यशया वाचत असलेला एक कूशी षंढ फिलिप्पाला विचारतो: मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? फिलिप्पाला अनुवादाचे वचन ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? तो रथातून उतरून त्याच्याबरोबर पाण्यात जातो. आपल्यापैकी कोणाच्या दारात उद्या असा माणूस आला आणि हाच प्रश्न त्याने विचारला, तर आपण कोणता अध्याय काढणार?

आणखी एक सूर मला माहीत आहे: “दिवस वाईट आहेत. बाहेरचे लोक आपल्या प्रार्थनासभांकडे संशयाने बघतात, कोण कुठे तक्रार करील सांगता येत नाही. अशा वेळी घरातले वाद वेशीवर टांगायचे का?” ही भीती मलाही आहे. घरगुती प्रार्थनेला जाताना आम्ही बायका आता दार लोटून घेतो. पण भीतीने आपण बाहेरच्यांपुढे जेवढे सावध झालो, तेवढेच आत कडक झालो. प्रश्न विचारणारे पोर आपल्याला फितूर वाटायला लागले. त्या पोरांपैकी बरीच मुले भांडून गेली नाहीत, हळूहळू यायची थांबली. नाताळला येतात, फोटो काढतात, जातात.

म्हणून माझी विनंती. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय आपण सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. पहिल्या मंडळीपुढे आलेला तो सर्वांत मोठा सामाजिक वाद होता: परराष्ट्रीयांना सुंता न करता आत घ्यायचे का? शास्त्रात सुंतेची आज्ञा स्पष्ट होती. तरी पेत्राने एका वचनावर बोट ठेवून प्रश्न मिटवला नाही. पुष्कळ वादविवाद झाला असे लूक मोकळेपणाने लिहितो. पेत्राने कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरी काय पाहिले ते सांगितले. पौल आणि बर्णबा यांनी परराष्ट्रीयांमध्ये देवाने काय केले ते सांगितले, आणि सगळा समुदाय गप्प राहून ऐकत होता. मग याकोबाने आमोसाचे वचन काढले आणि घडलेल्या गोष्टी त्याच्याशी ताडून पाहिल्या. निर्णय पत्राने कळवला, आणि पत्राबरोबर तोंडी समजावायला दोन माणसेही पाठवली.

तसे आपल्याला कोल्हापुरात बसता येईल. महिन्यातून एकदा, रविवारी उपासनेनंतर, कोणत्याही एका मंडळीच्या हॉलमध्ये. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, कोल्हापूर चर्च काउन्सिलची मंडळी असो, पेंटेकॉस्टल असो. एका बैठकीला एकच उतारा, तोही संबंध. पाळकसाहेबांनी अभ्यास करून यावे, आणि उताऱ्याशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे त्यांनी आधी बोलावे: इफिसकर पाच वाचताना बायकांनी, लूक तेरा वाचताना पुराने घर गेलेल्यांनी. ठराव लगेच करायची गरज नाही. मोबाईलवर काही पाठवायचे नाही, एवढा नियम पुरे.

पहिल्या बैठकीला कृत्ये पंधरा घेऊ. दुसरीला इफिसकर पाच, आणि त्या बैठकीला नवऱ्यांनी यावे ही जबाबदारी वडीलमंडळींनी घ्यावी. माझ्या वर्गातली मुले उताऱ्याच्या प्रती काढतील, खुर्च्या लावतील, चहाचे बघतील. लांब बाह्यांचा ब्लाउज घालून येणाऱ्या त्या बाईंना मी विचारले आहे, त्या येणार आहेत. पावसाळा सरला की हॉल मोकळे असतात. कोणत्या मंडळीचा हॉल आणि कोणता रविवार, ते आपण रविवारच्या सूचनांमध्ये जाहीर करावे.

ख्रिस्तामध्ये आपली,
तरुणांच्या बायबल वर्गाची एक शिक्षिका,
कोल्हापूर